पंचाहत्तर सेंटांचा हिशेब

आमच्या भडगावच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी, एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत असतो. पाहुणे विचारतात, "हे काय, फ्रिजचं स्टॅबिलायझर का?" मी हो म्हणून मोकळा होतो, कारण खरे सांगायला बसलो तर त्यांचा चहा थंड होतो. आज मात्र सांगतो.

त्या डब्याला सर्व्हर म्हणतात. घरातले फोन आणि दुसरे संगणक त्याच्याकडे काही मागतात, तो काढून देतो, एवढेच त्याचे काम. त्याच्या पोटात माझ्या कवितांच्या वह्यांची छायाचित्रे आहेत, गावोगावच्या मुशायऱ्यांचे आणि कविसंमेलनांचे आवाज आहेत, आणि गिरणाकाठच्या बायांकडून जमवलेली अहिराणी गाणी आहेत. तो ज्या प्रणालीवर चालतो तिचे नाव लिनक्स. युनिक्स नावाच्या जुन्या घराण्यातली ही प्रणाली. मी संगणक शिकलेला माणूस नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता, पुढे छापखान्यात अक्षरजुळणी केली, मग संगणक आले तेव्हा पोटासाठी त्यांच्याशी जमवून घेतले. म्हणून या डब्याची राखण कशी करावी हे शिकताना मी माझ्या सवयीप्रमाणे आधी इतिहासाकडे गेलो. तो इतिहास मला अनोळखी वाटला नाही, याचे कारण माझे वडील.

अब्बा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. हंगामात गाड्यांची रांग लागायची, काट्यावर वजने व्हायची, आणि रात्री अब्बा रोजकीर्द घेऊन कंदिलाजवळ बसायचे. एका रात्री आठ आणे जुळत नव्हते. अम्मी म्हणाली, "आठ आणे आपल्या खिशातले टाका अन् झोपा." अब्बा म्हणाले, "आठ आण्यांचं काही नाही. ते कोणत्या भोकातून गेले ते कळलं पाहिजे." पहाटे भोक सापडले. एका गाडीची नोंद दोनदा झाली होती. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण कंदिलाच्या उजेडाने मलाही झोप नव्हती.

आता अमेरिकेत जाऊ. १९६९ साली न्यू जर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन या तरुण संशोधकाला एक वापरात नसलेला पीडीपी-७ जातीचा संगणक मिळाला. त्यावर त्याने एक लहानशी कार्यप्रणाली लिहिली. डेनिस रिची हा त्याचा सोबती. हेच युनिक्स. एकाच यंत्रावर अनेकांनी बसावे, एकमेकांच्या फायली सहज वापराव्यात, हा त्या घराचा स्वभाव. आपल्याकडच्या वाड्यासारखे समजा, जिथे सगळी बिऱ्हाडे एका चौकात उघडतात. पुढे रिचीने स्वतःच लिहून ठेवले की युनिक्स बांधताना सुरक्षेचा विचार खऱ्या अर्थाने झालेलाच नव्हता, त्यामुळे त्यात भोके असणारच. ज्याने घर बांधले त्यानेच हे सांगावे, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे तर ठेकेदार पूल पडल्यावरही नाही सांगत.

दारावर कुलूप म्हणजे पासवर्ड. १९७९ साली थॉम्प्सन आणि त्याच प्रयोगशाळेतले रॉबर्ट मॉरिस यांनी पासवर्डांच्या अनुभवावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांनी ठेवलेले ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले. १५ जणांनी फक्त एक अक्षर ठेवले होते. ७२ जणांनी दोन अक्षरे. ४६४ जणांनी तीन. बाकीच्यांतल्या अनेकांनी शब्दकोशातला सरळ शब्द किंवा कुणाचे तरी नाव उचलले होते. एकूण शंभरातले ८६ पासवर्ड सहज ओळखता येण्यासारखे निघाले. त्यावर उपाय म्हणून या दोघांनी पासवर्ड गुप्त रूपात साठवताना त्यात थोडी वेगळी अक्षरे मिसळण्याची युक्ती काढली, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले रूप वेगळे दिसते. या मिसळीला त्यांनी नाव दिले मीठ. आजही तोच शब्द चालतो. स्वयंपाकघरातला एवढा साधा शब्द त्या धंद्यात इतकी वर्षे टिकून आहे.

थॉम्प्सनचा स्वतःचा जुना पासवर्ड २०१९ साली लोकांनी उकलला. तो निघाला बुद्धिबळातली एक चाल, जुन्या पद्धतीने लिहिलेली. तो बुद्धिबळाचा शौकीन होता. चांगल्या कुलपाची किल्लीही अशी मालकाच्या स्वभावावरून ओळखता येते. माझा पहिला पासवर्ड काय होता ते मी सांगणार नाही, पण भडगावातल्या कोणालाही तिसऱ्या प्रयत्नात सापडला असता. त्यात नदीचे नाव होते.

यानंतरची गोष्ट माझी सर्वांत आवडती. १९८६ सालचा ऑगस्ट. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीच्या कामाचा पैसा संपल्यामुळे त्याला संगणक विभागात पाठवले होते. तिथल्या युनिक्स यंत्रांवर जो जितका वेळ बसेल तितके पैसे त्याच्या नावावर चढत. महिन्याचा हिशेब केला तर पंचाहत्तर सेंट जुळेनात. वरिष्ठांनी सांगितले, बघ जरा काय आहे ते. त्याला वाटले बेरजेची चूक असेल. बेरीज बरोबर होती. एक परका माणूस काही सेकंद यंत्र वापरून गेला होता आणि त्याचे पैसे भरायला कोणी मालकच नव्हता.

स्टॉलने काय करावे? एका शुक्रवारी संध्याकाळी त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरून मिळतील तितके प्रिंटर आणि टंकयंत्रे उचलून आणली आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेला एकेक जोडले. जो कोणी आत येईल त्याची कळ न् कळ कागदावर उमटावी म्हणून. तो स्वतः तिथेच टेबलाखाली झोपला. कागदावर चोर उमटला. एका लोकप्रिय संपादन कार्यक्रमातल्या चुकीचा फायदा घेऊन तो यंत्राचा मुखत्यार बनत होता. युनिक्समध्ये या मुखत्याराला रूट म्हणतात. रूट झालात की घर तुमचे. तिथून तो लष्कराच्या संगणकांची दारे ढकलून बघत होता आणि कित्येक दारे मूळ, कारखान्यातून आलेल्या पासवर्डांनी उघडत होती. स्टॉलने वर्षभर वही ठेवली. शेवटी धागा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात पोचला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० साली त्यांना शिक्षा झाली.

हे वाचले तेव्हा अब्बा हयात नव्हते. असते तर मी त्यांना ही गोष्ट नक्की ऐकवली असती. पंचाहत्तर सेंट म्हणजे त्यांचे आठ आणेच.

पासवर्डांवर निबंध लिहिणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांची कथा इथे पुन्हा जोडून घ्यावी लागते. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री त्याने जाळ्यात एक छोटा कार्यक्रम सोडला. तो एका युनिक्स यंत्रातून दुसऱ्यात आपोआप जाई. टपाल पोचवणाऱ्या कार्यक्रमातले एक उघडे दार, एका साध्या सेवेतली एक चूक, यंत्रांचा एकमेकांवरचा आंधळा विश्वास, आणि पासवर्ड ओळखण्याची त्याची स्वतःची ४३२ शब्दांची यादी, एवढे सामान त्याच्याजवळ होते. वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले होते त्याची परीक्षा मुलाने घेतली म्हणायला हरकत नाही. नुकसान करण्याचा त्याचा इरादा नव्हता असे म्हणतात, पण हिशेब चुकला. एकाच यंत्रात तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा शिरत गेला आणि यंत्रे दमून बसली. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. त्या वेळच्या जाळ्याचा तो दहावा भाग होता. मुलाला तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरांवर दंड झाला. वडील त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत नोकरीला होते. त्या घरात त्या आठवड्यात जेवताना काय बोलणे झाले असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने घरच्या साध्या संगणकासाठी युनिक्ससारखी प्रणाली लिहायला घेतली आणि ती सगळ्यांना मोफत दिली. जे यंत्र विद्यापीठांच्या थंड खोल्यांत असायचे ते त्यामुळे कोठीशेजारी येऊ शकले. १९९३ पासून डेबियन नावाने स्वयंसेवकांनी या प्रणालीची एक बांधणी सुरू केली. माझ्या डब्यात तीच आहे. आणखी एक गोष्ट फिनलंडनेच दिली. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून हजारो पासवर्ड चोरले, कारण तोवर दूरच्या यंत्राशी बोलताना पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तातू उलोनेन या संशोधकाने चिडून बंद पाकिटाची सोय करणारा कार्यक्रम लिहिला. त्याला एसएसएच म्हणतात. आजही मी खाटेवरून कोठीतल्या डब्याशी बोलतो ते याच पाकिटातून.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले. स्वस्तातले खाते घेणाऱ्याला काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे दिसत. ते पलीकडचे यंत्र युनिक्सचेच होते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या कित्येक मराठी माणसांनी पहिले ईपत्र नकळत युनिक्सवरूनच पाठवले. आणि तीन वर्षांत चोरही आले. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या काही पोरांच्या टोळीने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून तिथला पत्रव्यवहार वाचला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. टोळीतले काही जण अजून विशीतही पोचलेले नव्हते.

भडगावात तेव्हा चोरांपेक्षा मोठा शत्रू होता तो भारनियमन. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास दिवसाचे दहा-दहा तास वीज नसायची. पंखा बंद पडला तर माणूस घामाघूम होतो, पण सर्व्हर अचानक बंद पडला तर तो अर्धवट लिहिलेले वाक्य विसरतो. जुन्या लिनक्सवर वीज आली की यंत्र स्वतःची सगळी तपासणी करीत बसायचे, आणि ती पुरी व्हायच्या आत वीज पुन्हा जायची. यावरचा इलाज मला फार घरगुती वाटला. २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या मुख्य प्रवाहात ईएक्सटी-३ नावाची फायली ठेवण्याची पद्धत आली. ती आधी कच्च्या वहीत लिहून ठेवते की मी आता हे करणार आहे, मग पक्क्या वहीत करते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर कच्ची वही बघायची, अर्धे राहिले असेल तर पुरे करायचे नाहीतर सोडून द्यायचे. जिनिंगमध्ये अब्बा हेच करायचे. काट्यावर कच्ची नोंद, रात्री रोजकीर्द, मग खतावणी. मी ही जुळवाजुळव सांगितली तेव्हा पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेला माझा भाचा म्हणाला, "मामू, तुम्हाला आमच्या कंपनीत घेतलं पाहिजे." वर इन्व्हर्टर बसवून दिला त्यानेच.

नंतर २०१२ साल आले. त्या वर्षी बाहेरगावाहूनही माझ्या सर्व्हरशी बोलता यावे म्हणून मी एक दार बाहेर उघडले. भाच्याला बघण्यासाठी एक तात्पुरते खाते काढून दिले होते. नाव टेस्ट, पासवर्डही टेस्ट. काम झाले, खाते तसेच राहिले. दोन महिन्यांनी माझे इंटरनेट बंद झाले. सेवा देणाऱ्यांना फोन केला तर सांगितले गेले की तुमच्या घरातून जगभर फसवी पत्रे जात आहेत. मी म्हणालो, "साहेब, माझ्या घरात मी अन् बायको, दोघंच आहोत." घरात तिसरा कोणी येऊन राहिला होता, हे खरे. यंत्रातली नोंदवही, जिला लॉग म्हणतात, ती मी तोवर कधी उघडलीच नव्हती. उघडली तर एकेका रात्रीत हजार-दीड हजार वेळा कोणीतरी दार ढकललेले होते. रूट, अॅडमिन, गेस्ट, आणि एका रात्री टेस्ट. पुढच्या ओळीत स्वागत झाल्याची नोंद.

जाणकारांचा सल्ला एकच असतो. जिथे परका रूट होऊन राहिला त्या घरावर पुन्हा विश्वास ठेवू नये. सगळे पुसून नव्याने बांधावे. मी ते त्याच संध्याकाळी केले, कारण माझ्याकडे दुसऱ्या तबकडीवर प्रत होती. दर रविवारी रात्री दोन वाजता आपोआप प्रत निघावी अशी व्यवस्था मीच लावली होती आणि त्याचा मला अभिमान होता. पुसून झाले, नवी बांधणी झाली, प्रत जोडली. सात महिन्यांपूर्वीपर्यंतचे सारे होते. त्यानंतरचे काही नव्हते. सात महिन्यांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा त्या तबकडीची तार निघाली होती. पुन्हा खोचली ती सैल. यंत्र दर रविवारी दोन वाजता इमानाने प्रत काढत होते, कुठेच नसलेल्या तबकडीवर. तक्रारही लिहून ठेवत होते, त्याच नोंदवहीत, जी मी वाचत नव्हतो.

त्या सात महिन्यांत माझी फुफी गेली होती. जाण्याआधी मी तिच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या, अकरा दुपारी बसून. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. अहिराणीत गायची. मध्येच थांबून सांगायची की ही ओवी माझी नाही, शेजारच्या पाटलीणबाईची आहे, तिचं नाव लाव. रेकॉर्ड करण्याचे यंत्र मी मागून आणले होते, त्यातले टिपण उतरवून झाल्यावर पुसून परत केले होते. चोराने काही नेले नाही. त्याला ओव्यांचे काय? पुसले ते मीच.

आपल्या जिल्ह्यात तरी मला हे कळायला हवे होते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांनाही लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकून वहीत उतरवून ठेवले म्हणून आचार्य अत्र्यांच्या हाती काही पडले आणि १९५२ साली पुस्तक झाले. वहीत आले नाही ते गेले.

फुफीनंतर मी नियम केले. ते फार नाहीत. बाहेरच्या दाराला आता पासवर्डच नाही. किल्ली म्हणून एक लांबलचक फाईल लागते, ती माझ्या आणि भाच्याच्या यंत्रावर आहे. रूटला बाहेरून थेट प्रवेश नाही. जी सेवा लागत नाही ती बंद. प्रणालीच्या दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी घ्यायच्या, कारण दुरुस्ती जाहीर होते तेव्हा भोकही जाहीर होते. रोज सकाळी चहाबरोबर नोंदवही वाचायची. बायको म्हणते, "पेपर वाचतात लोक." आणि प्रत काढून भागत नाही. दर महिन्याला त्या प्रतीतली कुठलीही एक फाईल उघडून, ऐकून बघायची.

एक प्रत गावाबाहेर असावी हे गिरणाकाठच्या माणसाला सांगावे लागू नये. १८७२ सालच्या पुराच्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढ्यांनी ऐकलेल्या. चाळीसगावला माझा एक मित्र फोटो स्टुडिओ चालवतो. त्याची तबकडी माझ्याकडे, माझी त्याच्याकडे, अशी अदलाबदल आम्ही सुरू केली. महिन्यातून एकदा कोणी ना कोणी एसटीने जाणारा भेटतो, तबकडी जेवणाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. आत काय आहे ते परक्याला वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद असते. लोक हसायचे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावला पूर आला, स्टुडिओत चिखल शिरला. तिसऱ्या दिवशी मित्र आला, कपड्यांना अजून गाळ लागलेला. म्हणाला, "भो, माझा डबा दे." बारा वर्षांच्या लग्नांचे फोटो होते त्यात.

तुम्ही म्हणाल, हे कवीचे छंद, आमच्या घरी कुठे सर्व्हर आहे? गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारानेही मला हेच विचारले. मी त्याच्या डोक्यावर बोट दाखवले. तिथे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी पेटी होती. असल्या पेट्यांत बहुधा लिनक्सच असते, मोडेमच्या डब्यातही. २०१६ साली मिराई नावाच्या कार्यक्रमाने अशाच पेट्या आणि कॅमेरे लाखांनी काबीज केले. हत्यार काय, तर कारखान्यातून येणाऱ्या सुमारे साठ नाव-पासवर्डांची यादी. स्टॉलच्या चोराला तीस वर्षांपूर्वी जी किल्ली लागू पडत होती तीच. २१ ऑक्टोबर २०१६ ला या पेट्यांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर एवढी गर्दी लोटली की मोठमोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. मिराई लिहिणारे तिघे तरुण होते, २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या देशात बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्याने बंद पडले. बळी पडले ते मूळ पासवर्ड न बदललेले. दुकानदाराने पेटीचा पासवर्ड बघितला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तो बदलून द्यायला मला दहा मिनिटे लागली आणि त्याने पावशेर शेंगदाणे दिले.

अलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरे व्हायचे नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनवर आपले काही मोजमाप करीत होता. त्याला दिसले की एसएसएचने आत यायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी पुढच्या कामाला लागला असता. हा बसला. शोधता शोधता तो एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या कार्यक्रमापाशी पोचला. तो कार्यक्रम फिनलंडचा एक गृहस्थ बरीच वर्षे बिनमोल सांभाळत होता, दमला होता. मदतीला जिया तान या नावाने कोणी आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने चोख काम केले, विश्वास कमावला, कारभार हाती घेतला, आणि मग त्या कार्यक्रमात एक चोरदरवाजा बसवला, जो एसएसएचच्या बंद पाकिटालाच फोडणार होता. २९ मार्च २०२४ ला फ्रॉइंडने हे जगजाहीर केले. जगभरातल्या असंख्य सर्व्हरांवर ती आवृत्ती पोचायला थोडेच आठवडे उरले होते. जिया तान या नावामागे कोण होते ते आजवर उघड झालेले नाही.

माझ्या डब्यात ती आवृत्ती नव्हती, मी जुनीच, स्थिर बांधणी वापरतो. तरी ती बातमी कळली त्या रात्री मी उठून कोठीत गेलो आणि हिरव्या दिव्याकडे बघत बराच वेळ बसलो. ज्याने माझे कुलूप फुकट बनवून दिले त्या माणसाला मी कधी एक ओळ लिहून शुक्रिया म्हटले नव्हते. ती दुसऱ्या दिवशी लिहिली, मोडक्या इंग्रजीत. फिनलंडच्या त्या गृहस्थालाही लिहिली.

परवा सकाळी नोंदवहीत एक ओळ जास्तीची होती. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी कोणी किल्ली लावून आत आले, चाळीस सेकंद थांबले आणि गेले. चहा तसाच ठेवून मी ओळीमागे ओळ लावत बसलो. दुपार झाली. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, मीच होतो. मुलगी झोपत नव्हती. तिला तुमच्या आवाजातलं ते पोपटाचं गाणं लावून दिलं." मी त्याला म्हणालो, ठीक आहे, पण पुढच्या वेळी आधी सांगत जा. मग वहीत त्या ओळीपुढे त्याचे नाव लिहिले.